ग्रेट वॉर्लीचं सेंट मेरी चर्च नीट बघायचं असेल तर

लंडनला राहणारे आपले लोक, किंवा मुलांकडे दोन-तीन महिने आलेले आईबाबा, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी बघतात, सेंट पॉल्स बघतात, आणि मग चर्च म्हटलं की "बघून झालंय की" म्हणून मोकळे होतात. हे त्यांच्यासाठी लिहितेय. लंडनच्या पूर्वेला एसेक्समध्ये ब्रेंटवूड आहे, त्याच्या जवळ ग्रेट वॉर्ली नावाचं गाव आहे आणि तिथलं सेंट मेरी द व्हर्जिन हे गावचं छोटंसं चर्च आतून अख्खंच्या अख्खं आर्ट नूवो (शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, वेलीसारख्या वळत्या रेषांची युरोपी शैली) आहे, म्हणजे एखादी खिडकी किंवा एखादा दिवा त्या स्टाइलचा असं नाही, भिंती, छत, वेदी, दिवे सगळं एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेलं. ग्रेड वन लिस्टेड आहे, म्हणजे तिकडच्या वारसा यादीतला सगळ्यात वरचा दर्जा. तरी गर्दी अजिबात नसते.

पण तिथे जाऊन पाच मिनिटांत "छान आहे" म्हणून बाहेर पडणारे लोक मी बघितलेत आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ही जागा दारापासून वेदीपर्यंत एका क्रमाने वाचायची आहे, तो क्रम हातात नसला की नुसतं चकचकीत काहीतरी बघितल्यासारखं होतं. म्हणून कसं जायचं, कुठे उभं राहायचं, काय आधी आणि काय नंतर, हे सविस्तर सांगते.

आधी थोडी माहिती, कारण ती नसेल तर आतलं काहीच लागत नाही. एव्हलिन हेझलटाइन नावाचे लंडनचे श्रीमंत स्टॉकब्रोकर (नाव एव्हलिन असलं तरी हे गृहस्थच) ग्रेट वॉर्लीत राहायचे. त्यांचा भाऊ आर्नल्ड 1897 मध्ये गेला. गावाचं जुनं चर्च वस्तीपासून लांब पडायचं, तेव्हा भावाच्या आठवणीत गावाला नवीन चर्च बांधून द्यायचं त्यांनी ठरवलं. 1902 मध्ये काम सुरू झालं, 1904 मध्ये चर्चचं विधिवत अर्पण झालं. हा आर्नल्ड म्हणजे पीटर वॉरलॉक या नावाने लिहिणाऱ्या संगीतकाराचा बाप, वडील गेले तेव्हा पोरगं जेमतेम दोन-तीन वर्षांचं होतं. हे डोक्यात ठेवून आत जा. आतलं सगळं काम मृत्यूनंतर पुन्हा उगवणं या एकाच कल्पनेवर उभं आहे, आणि ती कल्पना इथे कुणाच्या तरी घरातल्या दुःखातून आलीये.

इमारत आर्किटेक्ट चार्ल्स हॅरिसन टाउनसेंडची. आतली सजावट विल्यम रेनॉल्ड्स-स्टीफन्सची, हा मूळचा शिल्पकार, जन्म 1862 चा, तोही अमेरिकेत डेट्रॉइटला, आईवडील ब्रिटिश, पुढे 1931 मध्ये सर झाला. ही दोन नावं वेगळी लक्षात ठेवा कारण बाहेरून दिसतं ते पहिल्याचं आणि आत गेल्यावर श्वास अडकतो ते दुसऱ्याचं.

आता तयारी. माझा आग्रह आहे की त्याच दिवशी सकाळी लंडनमध्येच टाउनसेंडच्या दोन इमारती बघून घ्या, अगदी वाटेवर आहेत. ऑल्डगेट ईस्ट स्टेशनमधून बाहेर आलात की व्हाइटचॅपल गॅलरी, 1901 ची, दर्शनी भिंतीवर झाडांची पानं आहेत, दरवाजाची कमान मोठी आणि मुद्दाम मध्यभागी नाही. तिथून चालत बिशप्सगेट इन्स्टिट्यूट, 1895 चं, लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या अगदी समोर. तिथेही कमान आणि वर पानांचा पट्टा. दोन्हीकडे आत गेलात तर उत्तम, नाही गेलात तरी समोरच्या फुटपाथवरून दहा मिनिटं बघा. दगडमातीच्या भिंतीवर झाड कसं चढवायचं हा या आर्किटेक्टचा आवडता विषय आहे हे एकदा लक्षात आलं की वॉर्लीला गेल्यावर डोळा आपोआप पानं शोधायला लागतो. ज्यांच्याकडे अजून एक दिवस आहे त्यांनी फॉरेस्ट हिलचं हॉर्निमन म्युझियम पण करावं, तेही 1901 चं आणि त्याचंच, पण ते दक्षिणेला आहे, त्याच दिवशी नको.

लिव्हरपूल स्ट्रीटवरून ब्रेंटवूडला एलिझाबेथ लाइन थेट जाते, शेनफील्डकडे जाणारी गाडी पकडायची, साधारण पाऊण तास लागतो, आणि कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, वेगळं तिकीट काढायची गरज नाही. ब्रेंटवूड स्टेशनपासून चर्च दक्षिणेला साधारण तीनेक किलोमीटर. तरुण मंडळी चालू शकतात पण सुरुवातीलाच चढ आहे आणि पुढे गावातले रस्ते अरुंद आहेत, गाड्या जोरात येतात, आईबाबा बरोबर असतील तर सरळ टॅक्सी करा. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही, लंडनभोवतीच्या एम ट्वेंटीफाइव्ह या हमरस्त्याच्या अगदी जवळ आहे.

वाटेत एक गोष्ट मराठी माणसाने बघण्यासारखी आहे आणि टॅक्सीवाला सांगणार नाही. स्टेशन आणि गाव यांच्यामधल्या वॉर्ली भागात ईस्ट इंडिया कंपनीची बराक होती. कंपनी सरकारने 1843 मध्ये आपला भरती-प्रशिक्षणाचा डेपो चॅथमहून इथे आणला आणि 1861 पर्यंत तो इथेच होता. कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही फौजांसाठी भरती झालेले गोरे शिपाई इथून तयार होऊन जहाजात चढायचे. बराकी आता नाहीत पण सैनिकांसाठी बांधलेलं चॅपल उभं आहे, पुढे ते एसेक्स रेजिमेंटचं झालं, आणि ते बांधलं गेलं ते साल आहे 1857. साल वाचून मी तिथे बराच वेळ थांबले होते. एवढं बघून पुढे चला, कारण उजेड महत्त्वाचा आहे.

उजेडाचं सांगते. या चर्चची वेदी पूर्वेला आहे, जुन्या रीतीप्रमाणे, आणि आतलं जवळजवळ सगळं काम चकाकणाऱ्या धातूचं आहे. त्यामुळे ढगाळ दिवशी आणि उन्हाच्या दिवशी एकच चर्च दोन वेगळ्या जागा वाटतात. जमलं तर सकाळचं ऊन बघा, रविवारच्या प्रार्थनेला गेलात तर ते आपोआप साधतं. हे चालू वापरातलं चर्च आहे, गावातल्या लोकांची बारशी, लग्नं, अंत्यविधी इथेच होतात, म्हणून बाकीच्या दिवशी दार उघडं असेलच असं नाही. निघायच्या आधी चर्चच्या वेबसाइटवर उघडं असण्याच्या वेळा बघा किंवा सरळ फोन करा, दोन वाक्यांत सांगितलं की आम्हाला आतलं काम बघायचंय तर लोक मनापासून मदत करतात. आपण ख्रिश्चन नाही, चालेल का, असा प्रश्न मला खूप जण विचारतात. चालतं, कुणी काही विचारत नाही. प्रार्थनेला बसलात तर सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, प्रसादासाठी वेदीपाशी जायची सक्ती नसते, जागेवर शांत बसून राहा. चपला-बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी मात्र काढायची.

पोचलात की आधी बाहेर थांबा. प्रवेशाशी छप्पर असलेलं लाकडी फाटक आहे, त्याला लिचगेट म्हणतात, जुन्या काळी शवपेटी आत न्यायच्या आधी तिथे टेकवायचे आणि पाद्री तिथपर्यंत सामोरा यायचा. ते ओलांडून हिरवळीतून वाट जाते आणि समोर दिसतं ते इतकं साधं की कुणालाही वाटावं आपण चुकीच्या ठिकाणी आलो. फिकट खडबडीत गिलाव्याच्या भिंती, उतरतं छप्पर, वर छोटासा लाकडी घंटामनोरा. हा साधेपणा मुद्दाम आहे, एसेक्सच्या खेड्यात शोभेल असा. त्याच्याकडे नीट बघून घ्या, कारण आतला धक्का त्याच्यावरच अवलंबून आहे.

आत शिरलात की सगळ्यांचे पाय आपोआप पुढे वेदीकडे ओढले जातात, समोर ते सगळं चमकत असतं ना. थांबा. उलट दिशेला जा, अगदी मागच्या भिंतीपाशी, आणि मागच्या बाकावर पाच मिनिटं नुसते बसा, डोळ्यांना आतल्या उजेडाची सवय होऊ दे. मग मान वर करा.

छत पिंपासारखं गोलाकार आहे आणि त्याच्यावर ठराविक अंतराने रुंद पट्टे आडवे गेलेत, चंदेरी, त्यांच्यावर गुलाबाचं उठावाचं काम. चांदी वाटते. चांदी नाही, अ‍ॅल्युमिनियम आहे. मिठाईवर जसा चांदीचा वर्ख लावतात तसा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख इथे छताला लावलाय. आपल्याला अ‍ॅल्युमिनियम म्हटलं की डबे-पातेली आठवतात पण 1904 मध्ये ही नवलाईची वस्तू होती, ही धातू स्वस्तात काढायची विजेची पद्धत 1886 मध्ये सापडली, त्याच्या आधी ती भयंकर महाग होती. लंडनमध्ये पिकॅडिली सर्कसला तो पंखवाला धनुर्धारी पुतळा आहे ना, ज्याच्या पायथ्याशी बसून सगळे फोटो काढतात, तो 1893 चा आणि तोही अ‍ॅल्युमिनियमचाच. कलाकारांना ही धातू का आवडली याचं व्यवहारी उत्तर आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे: चांदी हवेने काळी पडते, देव्हाऱ्यातली भांडी सणाला घासावी लागतात, आणि पंधरा फूट उंच छत कोण घासणार? अ‍ॅल्युमिनियम काळं पडत नाही. त्याची चमकही चांदीपेक्षा थंड, थोडी दुधाळ आहे. ती खिडकीतल्या उजेडात कशी बदलते ते बघायला जागा बदलून दोन्ही बाजूंनी बघा.

मग नजर छतावरून भिंतीवर आणा. खाली भिंतीला अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्यांचं आवरण, गडद, शांत, आणि त्याच्या जवळपास लिलीची फुलं. लिली हे मेरीचं फूल आणि चर्च तिचंच, गुलाबही तिच्याशी जोडलेला. म्हणजे तुम्ही बसलाय तिथे आजूबाजूला लिली आणि डोक्यावर गुलाब, एवढं कळलं की मग उठा आणि मधल्या वाटेने हळूहळू पुढे निघा. दर दोन-तीन बाकांनी थांबा. रेनॉल्ड्स-स्टीफन्सचा हेतूच हा होता की उपासकाचं मन सजावटीच्या आधाराने पायरीपायरीने पुढे, पुनरुत्थान झालेल्या ख्रिस्तापर्यंत जावं. चित्रांच्या गॅलरीसारखं इकडून तिकडे फिरलात तर ही चढण लागतच नाही.

पुढे उंचावर उभं राहून प्रवचन द्यायची जागा आहे, पुल्पिट, तिथे तांब्याचं काम बघा. ज्यांनी पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने मठारलेलं तांबं बघितलंय त्यांना पत्र्याला हाताने आकार देणं म्हणजे किती कष्ट हे वेगळं सांगायला नको, तोच डोळा इथे वापरा, वाक कुठे आहे, कडा कशा वळवल्यात. अंतर ठेवून मात्र. हात लावायचा नाही, बोटांच्या घामाने तांबं-पितळ डागाळतं आणि अशा शंभर-सव्वाशे वर्षांच्या कामावरचा डाग सहज निघत नाही.

आणि आता स्क्रीन. लोक बसतात तो भाग आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये जुन्या इंग्लिश चर्चमध्ये एक जाळीदार आडपडदा असतो, बहुतेक ठिकाणी लाकडाचा. इथे पितळी झाडांची रांग आहे. खाली हिरव्या संगमरवराचा कठडा, तो आयर्लंडहून आणलेला, आणि त्यातून सडपातळ खोडं वर जातात, वर फांद्या एकमेकांत गुंततात, आणि पानांमध्ये छोटे ब्राँझचे देवदूत उभे आहेत. माझ्या मते अख्खं चर्च एकीकडे आणि हा स्क्रीन एकीकडे. इथे किमान पंधरा मिनिटं द्या. प्रथम लांबून बघा, झाडी म्हणून. मग अगदी जवळ जा आणि एकच फांदी निवडा. फुलं शिंपल्याची आहेत, मोत्याच्या शिंपल्याच्या आतली ती सप्तरंगी झाक असते ना, ती, आणि डोकं दोन इंच इकडेतिकडे केलंत तरी फूल गुलाबीचं हिरवट होतं. त्याच्याच शेजारी डाळिंब. लाल काचेचं. वेदीच्या बाजूने उजेड आला की काच आतून पेटल्यासारखी दिसते आणि ढग आला की विझते. डाळिंबात दाणे अगणित आणि प्रत्येक दाण्यात नवीन झाड, म्हणून ख्रिस्ती परंपरेत ते पुनरुत्थानाचं फळ मानतात. एकाच फांदीवर फूल पण आहे आणि पिकलेलं फळ पण आहे, आणि ज्याने भाऊ गमावला त्याने ते बनवून घेतलं. मी इथे दरवेळी थोडी हलते हे मान्य करते.

स्क्रीनच्या पलीकडे जायला कधी कधी परवानगी लागते, विचारा. नाही मिळाली तरी पलीकडचा अर्धगोल भाग, एप्स, खोडांच्या मधून दिसतो, आणि खरं तर तो तसाच बघायला केलाय. तिथल्या छतावर पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख, त्याच्यावर द्राक्षाचे वेल आणि लाल द्राक्षांचे घोस. द्राक्ष म्हणजे वाइन, वाइन म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, आणि बरोबर त्याच्या खाली वेदीमागे ख्रिस्ताची आकृती, क्रुसावरची नाही, उठून उभी राहिलेली. म्हणजे लिली, गुलाब, डाळिंब, द्राक्ष आणि मग तो. आता एकदा मागे वळून तुम्ही आलात ती वाट बघा, उलट दिशेने सगळं पूर्ण वेगळं दिसतं.

काचांबद्दल: मूळ रंगीत काचा हेवूड सम्नर या कलाकाराच्या होत्या, त्यातलं काही काम दुसऱ्या महायुद्धात गेलं, एसेक्सवर बाँब बरेच पडले. त्यामुळे खिडक्या बाकीच्या कामाशी शंभर टक्के जुळत नाहीत असं वाटलं तर तुमचा डोळा बरोबर आहे.

मुंबईकरांसाठी एक सांगते, आर्ट डेको आणि आर्ट नूवो यांची गल्लत होते. मरीन ड्राइव्हच्या इमारती डेको, सरळ रेषा, गोल कोपरे, तीस-चाळीसच्या दशकातल्या. नूवो त्याच्या आधीचं, आणि त्याची रेष वेलीची, वळत जाणारी. आणि कुलाब्याचं अफगाण चर्च ज्यांनी बघितलंय, 1858 चं, टोकदार कमानी, उंच मनोरा, त्यांना इंग्लंडमध्ये वॉर्लीच्या आधी चर्च कशी बांधत होते ते आपोआप माहीत आहे, मग हे किती वेगळं हे पटकन कळेल. इंग्लंडमध्ये असं काम दुर्मिळ का, तर तिथल्या मोठमोठ्या आर्किटेक्ट मंडळींना ही युरोपची फॅशन मुळीच आवडत नव्हती, 1901 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने आर्ट नूवो फर्निचर भेट म्हणून घेतलं तर त्याविरुद्ध वर्तमानपत्रात निषेधाचं पत्र छापून आलं होतं. त्याच सुमारास वॉर्लीत हे ठरत होतं, एका खेड्यात, एका माणसाच्या पैशावर, म्हणून होऊ शकलं असं मला वाटतं.

बरोबर काय न्यायचं: छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या, छतावरचं आणि देवदूतांचं काम त्याशिवाय अर्धंच दिसतं. फोटोला आधी विचारा, आणि फ्लॅश वापरूच नका, धातूवर फ्लॅश मारला की नुसता पांढरा ठिपका येतो, फोटो पण वाया जातो. फोनवर एक्सपोजर थोडं कमी करून काढा, डाळिंबाचा लाल रंग तेव्हाच खरा येतो. स्वेटर न्या, चर्च उन्हाळ्यात पण गार असतं. आणि दानपेटीत काहीतरी टाका, अशा चर्चची डागडुजी बऱ्याच अंशी गावातल्या लोकांच्या वर्गणीवर चालते, आणि हे काम जपायला जो कारागीर लागतो तो स्वस्तात मिळत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर जवळच वॉर्ली प्लेस आहे, एलन विल्मट या बाईंची एके काळची बाग, जगभरातून रोपं आणून लावायच्या, ऐन भरात शंभराच्या आसपास माळी होते आणि शेवटी सगळा पैसा त्यातच संपला. घर 1939 मध्ये पाडलं, आता तिथे निसर्ग राखीव क्षेत्र आहे, पण स्नोड्रॉप आणि डॅफोडिल अजून दरवर्षी येतात. चिखल असतो, बूट तसे घाला.

चर्च बंदच मिळालं तर बाहेरून चक्कर, लिचगेट, वॉर्ली प्लेस असं करा आणि नोटीस बोर्डवर रविवारच्या प्रार्थनेची वेळ असते तिचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी त्याच वेळेला या. आणि परतीची टॅक्सी येतानाच सांगून ठेवा, गावात उभं राहून लगेच मिळेल या भरवशावर राहू नका.